टप कोरडा, गालिचा ओला : जुन्या एमएक्स-५ मध्ये पाणी शिरतं कुठून?

तक्रार अशी. रात्रभर पाऊस पडून गेलेला. सकाळी दार उघडलं तर वरवर सगळं ठीक. टपाला आतून हात फिरवला, कोरडा. सीट कोरडी. गाडी काढली, गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला आणि सीटखालून पाण्याचा लोट सरकत आला तो थेट माझ्या बुटापर्यंत. गालिच्यावर टाच दाबली की पचपच आवाज. काचा आतून धुरकटलेल्या. वास म्हणाल तर फरशी पुसायचं फडकं न पिळता आठ दिवस बादलीत ठेवलं तर येईल तसा.

माझी गाडी २००१ सालची माझ्दा एमएक्स-५, १.८ लिटरची, दुसऱ्या पिढीतली. रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, वरचा कापडी टप मिटून उघडी करता येणारी गाडी. ही पिढी १९९८ ते २००५ या काळात निघाली. पहिली पिढी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दाखवली होती. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांचं सुख हवं पण त्यांची गळती नको, असा जपान्यांचा बेत. बेत बराचसा साधला, गळतीचा भाग सोडून. मी इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो, गाडी घरासमोर उघड्यावर असते आणि शेजाऱ्यांचं बर्चचं झाड बरोबर तिच्या डोक्यावर आहे. त्या झाडाकडे पुढे येतोच.

गेल्या चार वर्षांत हे दुखणं तीनदा उलटलं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या खेपेला तर मी जे जे केलं ते सगळं चुकलं, म्हणून आधी ते सांगतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करणार याची मला खात्री आहे.

मी टपावर संशय घेतला. साहजिकच आहे, गाडीत पाणी आलं तर माणूस वर बघतो. टप धुतला, वाळवला, त्यावर पाणी न शोषण्याचा लेप दोनदा दिला. पाऊस आला, गालिचा ओला. मग दाराच्या रबरांना सिलिकॉनचं ग्रीस चोळलं. पाऊस आला, गालिचा ओला. शेवटी एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने टपाच्या कापडाला चिमटीत धरलं, मान हलवली आणि सांगितलं की टप गेलाय, नवा घाला. जो आकडा सांगितला तो गाडीच्या निम्म्या किमतीला भिडत होता. मी हो म्हणायच्या बेतातच होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी त्या आठवड्यात प्रत्यक्ष जगलो.

पाणी आत येणारच, ते बाहेर कसं जातं ते बघा

कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. आढ्याचं पाणी वळचणीलाच जायचं, आणि दोन छपरं जिथे मिळतात तिथे त्याला वाट करून द्यायला पन्हळ लागते. पन्हळीत पानं साठली की पाणी घरात उतरतं. तेव्हा कोणी कौलं बदलत नाही, शिडी लावून पन्हळ साफ करतो.

या गाडीतही तीच रचना आहे. कापडी टपाची मागची कड गाडीच्या पत्र्याला जिथे भिडते तिथला सांधा पूर्ण पाणबंद केलेलाच नाही. काचेवरून आणि कापडावरून ओघळलेलं थोडं पाणी त्या फटीतून आत येणार, हे गृहीतच धरलेलं आहे. त्या कडेखाली, सीटच्या मागे, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत प्लॅस्टिकची एक पन्हळ फिरवलेली आहे. तिची दोन्ही टोकं दारांच्या मागे, सीटबेल्ट जिथून बाहेर येतो त्या उभ्या खांबाच्या पाठीमागे, एकेका भोकात उतरतात. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या पोटाखाली उघडते.

म्हणजे टप धडधाकट असला तरी पावसात या पन्हळीतून पाणी वाहतच असतं. भोक तुंबलं की पन्हळ भरते, काठावरून सांडते आणि सीटमागच्या फळीवरून गालिच्याखाली उतरते. गालिच्याच्या पाठीला जाड स्पंज असतो. तो निमूट पीत राहतो. वरचा थर ओला लागेपर्यंत खाली तळं झालेलं असतं. टप कोरडा आणि पाय ओले, हे कोडं एवढंच.

तपासायला अर्धा लिटर पाणी आणि एक माणूस पुरतो. टप दोन्ही कुलपं सोडून अर्धवट वर उचला, म्हणजे मागच्या कोपऱ्यात हात जाईल. सीट पुढे सरकवा. टॉर्च धरून खांबाच्या मागे वाकून बघा. पन्हळीचं टोक आणि त्याखालचं भोक दिसतं, निदान बोटाला लागतं. आता तांब्याने बारीक धारेने पाणी सोडा, लगेच गाडीच्या बाजूला गुडघे टेका आणि मागच्या चाकापुढे बघा. काही क्षणांत खाली स्वच्छ धार पडली तर ती बाजू मोकळी. ठिबकत आलं तर अर्धवट तुंबलेली. काहीच आलं नाही आणि वर पाणी चढायला लागलं तर पूर्ण बंद. आणि चौथी शक्यता, जिने मला दुसऱ्या खेपेला छळलं : वरचं पाणी झटकन जातं, खाली मात्र काहीच येत नाही. तिच्याबद्दल पुढे.

माझी डावी बाजू ठार बंद होती. बोट घातलं तर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी काळं, मऊ हाताला आलं. वर्तमानपत्रावर पसरून वाळवलं तेव्हा कळलं की ही बर्चची बी आहे. हे बी म्हणजे तिळाहून लहान, दोन्ही बाजूंना पातळ पंख, फुंकर मारली तर टेबलभर उडणारं. पानं मोठी असतात, ती वरच अडकतात आणि आपल्याला दिसतात. हे बी कुठल्याही फटीतून जातं, उन्हाळा सरताना हजारोंनी गळतं, आणि नळीत ओल्या मातीबरोबर बसलं की त्याचा बूच होतो.

कशाने साफ करायचं, कशाने मुळीच नाही

मी काय वापरलं? कपाटातला तारेचा हँगर सरळ करून तो भोकात खुपसला. दोनदा ढकलल्यावर काहीतरी सुटलं, पाणी भस्सकन गेलं, मी स्वतःवर खूश झालो. ती चूक पाच महिन्यांनी वसूल झाली.

नळी मऊ आहे आणि वीस वर्षांत तिचा मऊपणाही कमी झाला आहे. कडक तार एक तर तिला भोक पाडते, नाहीतर सांध्यातून खाली ढकलून सोडवते. हवेच्या कॉम्प्रेसरनेही तेच होतं. जोर लावून हवा मारली की बूच निघायच्या आधी नळी निघते. तेव्हा हँगर नको, हवा नको, स्क्रूड्रायव्हर तर नकोच.

गवत कापायच्या यंत्रात जी जाड नायलॉनची दोरी असते ती हातभर तोडून घ्या, टोक लायटरने वितळवून गोल करा आणि चिमटीत फिरवत फिरवत खाली सोडा. अडली की ढकलू नका. मागे घ्या, कोमट पाणी ओता, पुन्हा फिरवा. मला सगळ्यात लाभलेलं हत्यार मात्र वाद्यांच्या दुकानातलं आहे : ट्रॉम्बोन आतून साफ करायचा लांब लवचीक ब्रश. त्याचं टोक मऊ आहे, दांडा वाकतो, आणि येताना तो घाण सोबत घेऊन येतो. दुकानदाराने विचारलं, कुठल्या बँडमध्ये वाजवता?

खालच्या तोंडालाही एकदा बघा. रस्त्यावरचा चिखल तिथे बाहेरून लिंपला जातो आणि वरून कितीही ब्रश घातला तरी तो निघत नाही. त्यासाठी गाडी उचलावी लागते. जॅक लावल्यावर स्टँड दिल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहितो.

दुसरी खेप : धार जाते, पण येत नाही

पाच महिने गालिचा कोरडा होता. मग नोव्हेंबरात एक आठवडा रिपरिप लागली आणि पुन्हा पचपच, या वेळी फक्त डावीकडे. भोक बघितलं, मोकळं. तांब्याने पाणी ओतलं, गाडी गटागट प्यायली. खाली एक थेंब नाही.

बायकोला टॉर्च देऊन आत बसवलं, टप बंद केला आणि बाहेरून बागेच्या पाइपने मागच्या कोपऱ्यावर पाणी सोडलं. पाइपने म्हणजे पाइपनेच. दाबाने पाणी मारायचं यंत्र कापडी टपावर वापरलं तर जिथे गळत नव्हतं तिथेही गळेल.

"काही दिसतंय का गं?"

"नाही."

"आता?"

"अरे, माझा चहा आत गार झालाय, एवढंच दिसतंय." मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "थांब थांब, पाइप तिथेच धर. बेल्टच्या खांबाच्या खालून येतंय. वरून नाही, खालून."

खांबाचं प्लॅस्टिकचं आवरण आणि मागचा गालिचा काढला तेव्हा नळी दिसली. वरच्या सांध्यातून ती दोन बोटं खाली घसरली होती. हँगरचं कर्तृत्व. पन्हळीतलं पाणी नळीत न जाता तिच्या बाजूने उतरत होतं. काही गालिच्यात, काही दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत. नळी पुन्हा चढवली, सांध्याला पट्टीचा क्लिप लावला, अर्धा लिटर ओतलं, खाली धार आली. काम वीस मिनिटांचं, शोधायला दोन शनिवार.

त्याच वेळी पन्हळ स्वतः फाटलेली नाही ना हेही बघून घ्या. टप उघडताना-मिटताना त्याच्या लोखंडी सांगाड्यात पन्हळीची कड चिमटते आणि कोपऱ्यांत चीर पडते. लहान चीर असेल तर तिथे कोरडं करून लवचीक चिकटपट्टी चालते, निदान मोसमापुरती. मोठी असेल तर पन्हळ बदलायची. ती सीटमागे लोखंडी पट्ट्यांखाली दाबलेली असते, त्या पट्ट्यांचे नट दहाच्या पान्याने सुटतात. अवघड नाही, पण हात अशा जागी घालावे लागतात की दुसऱ्या दिवशी पेन धरवत नाही.

ओला गालिचा गाडीत वाळत नाही

हे मी ठासून सांगतो, कारण मीही हीटर लावून गाडी तासभर फिरवणाऱ्यांपैकी होतो. वरचं वाळतं, स्पंज ओलाच राहतो, आणि त्याखालचा पत्रा महिनोन्‌महिने पाण्याखाली. सीट काढा. प्रत्येक सीटला चार बोल्ट, चौदाचा पाना. सीटखाली कुठलीही वायर जात असेल तर आधी बॅटरीची उणे बाजू सोडा. गालिचा अख्खा बाहेर काढा. माझ्या गालिच्याने पाणी पिऊन इतकं वजन धरलं होतं की तो दोघांनी उचलून कुंपणावर टाकला तेव्हा कुंपण वाकलं. ओलं शोषणाऱ्या व्हॅक्यूमने स्पंज दाबून दाबून पाणी ओढलं आणि मग पाच दिवस तो घरात, हवेतलं पाणी काढायच्या यंत्रासमोर. इथल्या नोव्हेंबरात उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही. घरात आठवडाभर तळ्याकाठचा वास होता. त्याबद्दल झालेली चर्चा इथे देत नाही.

गालिचा काढल्यावर खालचा पत्रा बघायचा धीर ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं, उंबरा बघा.

उघड्या गाडीत वरचं छप्पर ताकद देत नाही, म्हणून गाडीचा ताठपणा बराचसा दारांखालच्या या दोन पोकळ उंबऱ्यांवर असतो. तुंबलेल्या पन्हळीचं पाणी याच पोकळीत उतरतं आणि मागच्या टोकाला, चाकाच्या कमानीजवळ, साठतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला म्हणजे आतला पत्रा आधीच गेलेला असतो. फोडावर बोटाने जोर द्या. बिस्किटासारखा चुरचुरला तर वेल्डरचं काम आहे, पुट्टी भरून रंग मारणाऱ्याकडे जाऊ नका. इथल्या वार्षिक तपासणीत सीटबेल्टच्या बांधणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला सापडला तर गाडी नापास होते, आणि बेल्टची खालची बांधणी नेमकी इथेच आहे. पुट्टी तपासनीसाच्या ठोकणीला एका आवाजात उघडी पडते.

माझा डावा उंबरा थोडक्यात वाचला. खालच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात; आधीच्या मालकाने गाडीच्या पोटाला काळा लेप देताना ती सगळी बुजवली होती. लेप गंजापासून वाचवायला दिलेला, हे लक्षात घ्या. भोकं टोकरून उघडली, दोन कप तपकिरी पाणी आलं. दोन आठवडे वाळू दिलं, मग आत लांब नळीने पोकळीत मारायचं मेण सोडलं. वॅक्सॉइल, डिनिट्रॉल, जे मिळेल ते; पण पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर ओल आत कोंडून वर मेणाचं झाकण बसतं. मेण मारल्यावर भोकं पुन्हा एकदा टोकरायची.

तिसरी खेप डिकीत

गेल्या वर्षी पाणी गालिच्यात नव्हतं, डिकीत होतं. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, त्यामुळे हे पाणी जास्त चिंतेचं. (बॅटरी बदलताना वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्या आणि ती नळी जोडा. डिकी बंद खोली आहे.)

इथे बायकोला आत बसवता येत नाही, आणि तसं सुचवूनही बघू नका. डिकीच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलं, टॉर्च लावला, फोनवर चित्रीकरण सुरू केलं, तो झाकणाकडे तोंड करून टेकवून ठेवला आणि डिकी बंद केली. मग पाइपने एकेक जागा, प्रत्येकी दोन मिनिटं : आधी मागचे दिवे, मग झाकणाची कड, शेवटी झाकणावरचा तिसरा ब्रेकचा दिवा. फोनमध्ये सातव्या मिनिटाला झाकणाच्या आतल्या बाजूला एक थेंब जमताना दिसला. तो फुगला, झाकणाच्या आतल्या कडेवरून हळूहळू उजवीकडे घरंगळला आणि बॅटरीच्या शेजारी पडला. वर्तमानपत्रावरचा डाग पाहून मी उजव्या दिव्यालाच दोष दिला असता. थेंब पडतो तिथे पाणी शिरतं असं नसतं.

तिसऱ्या ब्रेकच्या दिव्याखालचं स्पंजचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी गादी, चपटं होऊन कागदासारखं झालं होतं. दिवा आतल्या नटांनी सुटतो. जुनं खरवडलं, नवं बसवलं, नट हाताने आणि मग जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं तर दिव्याचं प्लॅस्टिक तडकतं आणि आणखी एक वाट तयार होते.

उरलेल्या लहानसहान वाटा. पाणी थेट गुडघ्यावर ठिबकत असेल तर पन्हळीचा दोष नाही, पुढच्या काचेच्या कोपऱ्यातलं रबर दबून चपटं झालेलं आहे. कागदाची पट्टी रबरात धरून दाराची काच बंद करा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर दाब कमी पडतोय. टपाच्या कुलपांचे हुक थोडे फिरवून आवळता येतात, रबर बदलायच्या आधी ते करून बघा. वळणावर दारात पाणी खळखळत असेल तर दाराच्या तळाची भोकं बंद आहेत, काडीने उघडा. पहिल्या पिढीची गाडी असेल, मागे प्लॅस्टिकची खिडकी आणि चेन असलेली, तर थंडीत ती चेन न उघडता टप मिटू नका. खिडकी चिरली की पन्हळीचं सगळं गणित फुकट. आणि ओला टप मिटून ठेवायचा नाही, कुठल्याच पिढीचा.

पुण्या-मुंबईत उघडी गाडी क्वचित असेल, पण छताला सरकती काच असलेल्या गाड्या आता गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याही काचेभोवती अशीच पन्हळ असते आणि तिचं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली उतरतं. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली उभी असेल आणि पावसात आतल्या दिव्यातून पाणी ठिबकायला लागलं, तर काचेचं रबर बदलायला सांगणाऱ्याला जरा थांबवा आणि कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओतून बघा.

गावाकडे मृगाआधी शाकारणी व्हायची. इथे माझं नक्षत्र बर्चवर ठरलंय : बी गळायला लागलं की दर पंधरा दिवसांनी ब्रश, पानं पडून गेली की एकदा नीट, आणि मार्चमध्ये अर्ध्या लिटरची परीक्षा दोन्ही बाजूंना. मधल्या काळात झाडून काढणं एवढंच. परवा उजव्या बाजूची धार जरा मंद वाटली. शनिवारी गाडी उचलून खालचं तोंड बघणार आहे.